निर्मन भस्मातले दाणे

"वीज चमकली का?" महाराजांनी विचारलं, आणि टिटवाळ्याच्या त्या हॉलमधले अडीच-तीनशे लोक शीलाताईंच्या तोंडाकडे बघायला लागले.

"चमकली, महाराज," शीलाताई माइकमध्ये म्हणाल्या. "तिसऱ्याच दिवशी. मान वळवली की डोक्यात करंट लागल्यासारखं व्हायचं. पायाखालची फरशी हलायची. उगाच रडू यायचं, डोळा लागला की भलतीसलती स्वप्नं पडायची."

"आणि मी काय सांगितलेलं?"

"तिसऱ्या दिवशी वीज चमकेल, हेच सांगितलेलं."

"मग?"

"मग गुरुवारी आपण भस्म दिलंत. शुक्रवारी सकाळी उठले तर सगळं गायब."

"निर्मन, निर्मन, निर्मन," हॉल घुमला. माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले.

निर्मनदास महाराज पंचेचाळिशीचे असतील. दाढी गुळगुळीत केलेली, इस्त्रीचा क्रीम कलरचा कुर्ता, हातात माळ. आवाज मात्र साधूचा नव्हता. घोडबंदर रोडवर फ्लॅट विकणाऱ्या माणसाचा असतो तसा तो मऊ, घाई नसलेला आणि पाठ केलेला आवाज होता.

"मन म्हणजे काय?" ते सांगत होते. "भाड्याची खोली. तुमच्या खोलीत कोणीतरी शिरलंय. डॉक्टर काय करतो? त्या भाडेकरूला झोपेची गोळी देतो. तो झोपतो, पण खोली सोडत नाही. आणि गोळीचं पाकीट आयुष्यभर तुमच्या उशाशी. मी भाडेकरूच बाहेर काढतो. जाताना तो गप जाईल का? दार आपटणार. ती जी वीज चमकते ना डोक्यात, ते त्याचं दार आपटणं."

लोक हसले, मग त्यांनी हात जोडले. महाराजांच्या पुढ्यात पितळी घंगाळ होतं, त्यावर लाल कापड. एकेक भक्त पुढे येई आणि आपल्या गोळ्यांच्या पट्ट्या महाराजांच्या हातात देई. महाराज पट्टी उलटी करत, कपाळाला लावत, डोळे मिटत, भविष्य सांगत आणि पट्टी घंगाळात टाकत. या प्रकाराला 'विसर्जन' म्हणत. दर रविवारी विसर्जन, दर गुरुवारी भस्म.

त्या दिवशी एक म्हातारा पुढे आला. सीताराम भोईर, जवळच्याच गावचे, एसटीतून निवृत्त झालेले ड्रायव्हर. दोन वर्षांपूर्वी हृदयात स्टेंट बसवली, आणि तेव्हापासून माणूस बोलेनासा झालेला. सोबत बायको, जाईबाई. महाराजांनी त्यांची पट्टी उलटी केली, कपाळाला लावली.

"तुला वीज चमकणार नाही," ते म्हणाले. "तुझा भाडेकरू म्हातारा आहे. दार न आपटता, हळूच निघून जाईल."

लोकांना हे फारच आवडलं. महाराज सगळ्यांना एकच सांगत नाहीत, ज्याचं त्याला सांगतात.

मला मात्र तिथेच काहीतरी खटकलं.

माझं नाव दर्शना रोकडे. ठाण्यात वर्तकनगरला माझं मेडिकल आहे, सोळा वर्षं झाली. कोण कुठली गोळी घेतो, कधी संपते, कोण उधारीवर नेतो आणि कोण कागदात गुंडाळून द्या म्हणतो, हे मला पाठ असतं. कागदात गुंडाळून द्या म्हणणारे बहुतेक डिप्रेशनच्या गोळ्यांचे गिऱ्हाईक. त्या उन्हाळ्यात माझे असे सहा जण एकामागोमाग यायचे बंद झाले. दुसऱ्या दुकानात जात असतील म्हणून मी सोडून दिलं. सातव्या शीलाताई निघाल्या, आणि त्या आमच्याच इमारतीत, माझ्या वरच्या मजल्यावर राहतात, म्हणून मला कळलं.

शीलाताई एका शाळेच्या ऑफिसात काम करतात. चार वर्षांपूर्वी त्यांना अंथरुणातून उठवेनासं झालं. कोणी गेलं नव्हतं, काही बुडालं नव्हतं, संसार ठीक चाललेला. तरी बाई दिवसेंदिवस भिंतीकडे तोंड करून पडून राहायच्या. कल्याणच्या डॉ. चित्रा परांजप्यांनी आधी एक औषध दिलं, ते लागू पडलं नाही. मग व्हेन्लाफॅक्सिन नावाची कॅप्सूल दिली. दोन महिन्यांत शीलाताई पुन्हा डबा घेऊन शाळेत जायला लागल्या. मला तो दिवस आठवतो, कारण त्या दिवशी त्या दुकानाच्या पायरीवर उभ्या राहून कोथिंबिरीच्या भावावरून भाजीवाल्याशी भांडल्या होत्या आणि मला बरं वाटलं होतं.

मग त्यांच्या सान्वीसाठी स्थळं बघायला सुरुवात झाली. एका घरातून विचारणा आली, मुलीच्या आईला कसल्या गोळ्या चालू आहेत म्हणे. स्थळ फिसकटलं. ऑफिसातल्या कोणीतरी टिटवाळ्याचं नाव सांगितलं. गोळ्या कायमच्या सुटतील, डाग पुसला जाईल. शीलाताई गेल्या.

त्या रविवारी त्यांनीच मला आग्रह करून नेलेलं. परत येताना रिक्षात मी म्हटलं, "शीलाताई, ती वीज म्हणजे भूतबित काही नाही. ही कॅप्सूल एकदम तोडली की असंच होतं. पुस्तकात लिहिलेलं आहे."

"मग इतकी वर्षं तू मला का नाही सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

खरंच होतं. तीन वर्षं दर महिन्याला मी त्यांच्या हातात पट्ट्या दिल्या. 'एकदम बंद करू नका' हे चार शब्द बोलायला मला वेळ नव्हता. डॉक्टरबाईंच्या दवाखान्यातही बाहेर चाळीस जण बसलेले. त्यांनी सांगितलं असेल तरी घाईत, शीलाताईंनी ऐकलं असेल तरी अर्धवट.

"आणि तू गोळ्या विकतेस गं दर्शना," त्या पुढे म्हणाल्या. "तू असंच बोलणार."

हे लागलं मला. पण त्यांच्या हाताकडे माझं लक्ष गेलं. रिक्षाचा दांडा धरलेला हात थरथरत होता, आणि पहाटे पाऊस पडून हवा गार झालेली असताना त्यांच्या मानेवर घाम डवरलेला. भस्माने बरी झालेली बाई अशी दिसत नाही.

घरी येऊन मी डोकं लावलं. शीलाताईंची गोळी व्हेन्लाफॅक्सिन. ती अंगातून फार लवकर निघून जाते, म्हणून तोडली की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोक्यात झटके सुरू. सीतारामकाकांच्या पट्टीचा रंग मी तिसऱ्या रांगेतूनही ओळखला होता, ती फ्लुओक्सेटिनची. ती अंगात महिनाभर रेंगाळते, आपली आपण सावकाश उतरते, म्हणून तोडल्यावर बहुधा झटका येतच नाही. म्हणजे महाराजांचं भविष्य दोन्हीकडे अचूक. रविवारी गोळी तोडायची, बुधवारी त्रास, गुरुवारी भस्म. वेळापत्रकसुद्धा बसवलेलं. हा माणूस भक्ताच्या कपाळावरचं वाचत नव्हता. पट्टीच्या मागे छापलेलं वाचत होता.

पण मनाशी पटणं वेगळं आणि चारचौघांत दाखवणं वेगळं. पुढच्या रविवारी मी मुदत संपलेल्या औषधांच्या खोक्यातून व्हेन्लाफॅक्सिनची एक पट्टी काढली आणि एकटीच टिटवाळ्याला गेले. मी स्वतः डिप्रेशनची गोळी आयुष्यात घेतलेली नाही.

"किती वर्षं?" महाराजांनी विचारलं.

"पाच," मी म्हटलं.

त्यांनी पट्टी उलटी केली. "साधी की दाण्यांची?" असं अगदी सहज, अर्ध्या आवाजात विचारलं, आणि लगेच आपण काय बोललो हे लक्षात येऊन पट्टी कपाळाला लावली. "तुझा भाडेकरू फार माजलाय, ताई. परवा मान वळवलीस की वीज चमकेल. भिऊ नकोस. गुरुवारी ये."

दाण्यांची. ज्या कॅप्सूलमधून औषध दिवसभर हळूहळू सुटावं लागतं, तिच्यात पूड नसते. बारीक गोल दाणे असतात. हे डॉक्टरला माहीत असतं, मला माहीत असतं, आणि औषध कंपनीच्या माणसाला माहीत असतं. हिमालयात बारा वर्षं तप केलं असं सांगणाऱ्या माणसाला माहीत असायचं काहीच कारण नाही.

मंगळवार गेला, बुधवार गेला. मी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली. वीज काही चमकली नाही. बुधवारी दुपारी दुकानातले दिवे तेवढे गेले, पण ते सगळ्या वर्तकनगरचेच गेले होते.

गुरुवारी मी रांगेत उभी राहून सांगितलं, "चमकली महाराज, फार चमकली." त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि अकरा पुड्या दिल्या. माणसांच्या मनातलं आरपार बघणाऱ्या त्या डोळ्यांना माझं साधं खोटं दिसलं नाही.

बाहेर चपलांपाशी जाईबाई भेटल्या. मी मेडिकलवाली आहे हे त्यांना आधीच्या वेळी बोलता बोलता कळलेलं. त्यांनी मला बाजूला घेतलं.

"बाय, एक विचारू? आमच्या म्हाताऱ्याची जीभ निस्ती सुकून जाते. लघवीला बसतो तर अर्धा अर्धा तास होत नाय. काल मलाच विचारतो, तू कोण."

"महाराजांना सांगितलंत?"

"सांगितला ना. बोलले, पाप आटतंय, म्हणून तोंड सुकतंय. आटू दे."

"मावशी, ती पुडी आजपासून बंद करा. आणि त्यांना डॉक्टरकडे न्या, आजच."

"अकरा दिवस मोडले तर भाडेकरू दुप्पट होऊन येतो, असा बोलले ते." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. मी माझा नंबर त्यांच्या मोबाइलमध्ये टाकून दिला. त्यापलीकडे मला तिथे काही करता आलं नाही, याचा मला अजून राग येतो.

घरी गेल्या गेल्या मी एक पुडी काचेच्या ग्लासात पाण्यात टाकली, ढवळली आणि पांढऱ्या रुमालातून गाळली. राख खाली गेली, पिठीसाखर विरघळली. रुमालावर जे उरलं ते मी खिडकीपाशी नेऊन बघितलं. राजगिऱ्यासारखे पांढरे गोल दाणे, काही अख्खे, काही फुटलेले. त्यांच्यामध्ये गोळ्यांवर असतं तसलं रंगीत कवच, चुरा झालेलं: पिवळट, गुलाबी, निळं. एका तुकड्यावर तर अर्धा आकडा शाबूत होता.

मी वर जाऊन शीलाताईंना बोलावून आणलं. रुमाल पुढे केला.

त्यांनी एक दाणा बोटाच्या टोकावर घेतला. "माझ्या डब्यात एकदा कॅप्सूल फुटलेली," त्या म्हणाल्या. "असेच दाणे सांडलेले."

"हो."

"म्हणजे घंगाळात टाकलेल्या गोळ्या..."

"कुटतो. सगळ्यांच्या एकत्र. राख आणि साखर घालतो आणि पुडी बांधून तुम्हालाच परत देतो. झटके थांबणारच, गोळी पुन्हा चालू झाली की ते थांबतात. पण कुणाच्या पुडीत काय पडतंय आणि किती, ते त्याला तरी कुठे माहीत असतंय? दिवसभर हळूहळू सुटायचं औषध कुटलं की एकदम सुटतं. म्हणून तुमचा हात थरथरतोय."

शीलाताई खुर्चीत बसल्या. "मी माझीच गोळी," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्याला साष्टांग नमस्कार घालून घेत होते."

त्याच संध्याकाळी मी त्यांना डॉ. चित्राबाईंकडे नेलं. बाईंनी रुमाल पाहिला, शीलाताईंची नाडी आणि प्रेशर पाहिलं, पुड्या बंद करून त्यांची कॅप्सूल ठरलेल्या मात्रेने पुन्हा चालू केली. मग सीतारामकाकांबद्दल मी सांगितलं तेव्हा त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, "जीभ कोरडी, लघवी अडलेली, माणूस ओळखत नाही. पुडीत अमिट्रिप्टिलिन असणार, डिप्रेशनचंच जुनं औषध. त्यांना ताबडतोब आणा." मी जाईबाईंना फोन लावला. दोन वेळा वाजून बंद झाला. शुक्रवारीही तेच.

शनिवारी दुपारी जाईबाईंचाच फोन आला. काका ओट्यावर बसल्या जागी कोसळले होते.

कल्याणच्या हॉस्पिटलात मी आणि चित्राबाई एकदमच पोचलो. तिथल्या डॉक्टरांना हार्ट अटॅक वाटत होता. हृदयाच्या आलेखाची रेघ नेहमीसारखी टोकदार नव्हती, पसरट झालेली. चित्राबाईंनी पुडीची हकिकत सांगितली, मी फ्लुओक्सेटिनचं सांगितलं. तिथल्या तरुण डॉक्टरने लगेच नर्सला या विषबाधेवर देतात ते सोडाबायकार्बचं इंजेक्शन आणायला सांगितलं आणि लघवी तपासायला पाठवली. लघवीची नळी घातली तेव्हा दीड लिटर साठलेलं निघालं. तपासणीत अमिट्रिप्टिलिनच्या जातीचं औषध सापडलं.

"हे औषध वाईट आहे का?" जाईबाईंनी बाकावर बसल्या बसल्या विचारलं.

"नाही हो," चित्राबाई म्हणाल्या. "जुनं आणि चांगलं औषध आहे, मी अजून देते. पण हृदयाचं दुखणं असलेल्या माणसाला जपून द्यायचं. आणि यांच्या अंगात आधीचं फ्लुओक्सेटिन अजून होतं. ते यकृताला अडवून धरतं, मग हे दुसरं औषध बाहेरच पडत नाही, साठत जातं. पुडीत थोडंसं होतं, अंगात त्याचं किती तरी पट झालं."

जाईबाईंनी पदराने तोंड झाकलं. "मी हातानं देत होते बाय. मधात कालवून."

सीतारामकाका वाचले. तीन दिवस आयसीयूत काढले.

रविवारी सकाळी मात्र ते अजून बेशुद्धीतच होते, आणि टिटवाळ्याचा हॉल भरलेला होता. चित्राबाईंनी आदल्या रात्रीच हॉस्पिटलचे कागद पोलिसांकडे आणि औषध निरीक्षकांकडे दिले होते. ते येईपर्यंत थांबायचं ठरलेलं. शीलाताई थांबल्या नाहीत. महाराजांनी नेहमीप्रमाणे जुन्या भक्तांना अनुभव सांगायला बोलावलं, आणि त्या माइकपाशी गेल्या.

"मी पंधरा दिवसांपूर्वी इथेच उभी राहून सांगितलं की चमत्कार झाला," त्या म्हणाल्या. "आज चमत्कार गाळून दाखवते."

त्यांनी पर्समधून ग्लास काढला, पाणी ओतलं, पुडी टाकली, ढवळली, रुमालातून गाळली. रुमाल पहिल्या रांगेत दिला. तो हातोहात मागे जायला लागला. प्रत्येक रांगेत डोकी जवळ येत. त्या घंगाळात स्वतःच्या हाताने पट्ट्या टाकलेली माणसं होती ती. आपली गोळी कुठल्या रंगाची होती हे त्यांना आठवत होतं.

महाराज हसले. हसू चेहऱ्यावर नीट बसलं नाही. "ताई, हा भाडेकरूचा शेवटचा खेळ आहे. तो तुझ्या तोंडून बोलतोय. हे दाणे म्हणजे त्याचे दात, भस्माने पडलेले."

"दातांवर कंपनीचा आकडा छापलेला असतो का?" मी उठून विचारलं.

मागे कोणीतरी हसलं. मी पुढे गेले. माझ्या पिशवीत सहा बंद पाकिटं होती, प्रत्येकात एक पट्टी. "महाराज, यातली कुठली तोडली तर वीज चमकेल आणि कुठली तोडली तर नाही, एवढं सांगा. पाकीट कपाळाला लावा, उघडू नका. पट्टी उलटी न करता सांगा."

"देवाची परीक्षा घेतेस?"

"देवाची नाही, तुमची. मागच्या रविवारी मी तुम्हाला पट्टी दिली. मी ती गोळी कधीच घेतलेली नाही. तुम्ही वीज चमकणार म्हणालात, मी गुरुवारी चमकली म्हणून खोटं सांगितलं, तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवलात. माझ्या अंगात भाडेकरूच नव्हता तर दार कुणी आपटलं?"

त्यांनी माळ खाली ठेवली. दोन धिप्पाड सेवक माझ्याकडे यायला निघाले, तेवढ्यात चित्राबाई मधल्या वाटेने पुढे आल्या. चष्मा सावरून त्यांनी महाराजांकडे निरखून पाहिलं.

"शेळके?" त्या म्हणाल्या. "पोपट शेळके ना तुम्ही? दाढी काढलीत म्हणून ओळखू येईना. माझ्या दवाखान्याबाहेर बॅग घेऊन बसायचात. आमच्या कंपनीची गोळी सोडताना झटके येत नाहीत, दुसरीच्या गोळीला येतात, हे दोन वर्षं मला तक्ता दाखवून समजावायचात."

निर्मनदास महाराजांच्या चेहऱ्यावरून महाराज उतरले आणि पोपट शेळके उरला. त्याने आधी चित्राबाईंकडे, मग दाराकडे पाहिलं. दारात पोलीस उभे होते.

मागच्या खोलीत एक मोठा मिक्सर, गोवऱ्यांच्या राखेचं पिंप, पिठीसाखर, आणि रिकाम्या पट्ट्यांनी भरलेली दोन पोती सापडली. तप बहुधा तिथेच चालायचं.

सगळे जण शहाणे झाले असं मात्र नाही. पोलीस त्याला नेत असताना वीसेक लोक पाया पडायला धावले. एक बाई माझ्यावर थुंकल्या. पण बरेच जण जागचे हलले नाहीत, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग कमी आणि भीती जास्त होती. गोळ्या तोडलेल्या, भस्मही गेलं. आता काय?

चित्राबाईंनी माइक हातात घेतला. "ज्यांनी गोळ्या टाकल्या त्यांनी आपापल्या डॉक्टरकडे आज किंवा उद्या जायचं," त्या म्हणाल्या. "जीव द्यावासा वाटत असेल तर आत्ता, इथे, माझ्याशी बोला. लाजायचं नाही."

एका तरुण मुलाने मागून विचारलं, "मॅडम, मग या गोळ्या करतात काय? भाडेकरूला झोपवतात?"

"कोणी भाडेकरू नसतो," त्या म्हणाल्या. "मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देतात. दोघींमध्ये बारीक फट असते, तिच्यात निरोपाचं रसायन सोडलं जातं आणि लगेच परत ओढून घेतलं जातं. फ्लुओक्सेटिन, सर्ट्रालिन या गोळ्या सेरोटोनिन नावाचं एकच रसायन परत ओढू देत नाहीत, म्हणून ते फटीत जास्त वेळ राहतं. शीलाताईंची गोळी दोन रसायनांना तसं करते. जुनी अमिट्रिप्टिलिनसारखी औषधंही तेच करतात, पण त्यांचा नेम चुकतो. लाळ, लघवी, हृदय, झोप, सगळ्यांनाच धक्का लागतो. कोणाला झोप आणि भूक दोन्ही गेलेली असते, त्याला मिर्टाझापिन बरं पडतं. त्याहून जुन्या काही गोळ्या आहेत, त्यांच्यावर जुनं चीजसुद्धा खायचं नसतं, त्या आम्ही क्वचित देतो."

"सगळ्यात चांगली कुठली?" एका बाईंनी विचारलं.

"अशी एक नाही. बरं करण्यात साधारण सारख्याच. फरक असतो तो त्रासात, किंवा कोणाला आधीचा कुठला आजार आहे त्यात. पहिली लागू पडली नाही तर दुसरी बघावी लागते. फटीतलं रसायन काही तासांत वाढतं, पण माणसाला बरं वाटायला दोन ते सहा आठवडे लागतात. का लागतात, ते आम्हालाही अजून पूर्ण कळलेलं नाही. पेशी हळूहळू स्वतःला बदलत असाव्यात. आणि सौम्य आजाराला कित्येकदा गोळी लागतही नाही, बोलून उपचार होतात."

'आम्हालाही पूर्ण कळलेलं नाही' हे त्या इतक्या साधेपणाने म्हणाल्या की मला पोपट शेळकेची आणि त्यांची तुलना तिथल्या तिथे संपलेली दिसली. त्याला सगळं कळत होतं. कपाळाला लावलं की झालं.

शीलाताईंना पूर्ववत व्हायला दीड महिना लागला. मधले काही दिवस वाईट गेले. सान्वी रजा घेऊन घरी बसली. पुढचं स्थळ आलं तेव्हा चहाचे कप मांडल्यावर शीलाताईंनीच विषय काढला. "मला डिप्रेशन आहे. मी औषध घेते, आणि त्याच्यामुळे आज तुमच्यासमोर बसून बोलतेय. चालत नसेल तर चहा पिऊन जा." ती माणसं चहा पिऊन गेली आणि परत आली नाहीत. सान्वी म्हणाली, बरं झालं, माणसं कशी आहेत ते आधीच कळलं.

सीतारामकाकांना आता दुसरी गोळी चालू आहे, हृदयाला सोसणारी. मध्ये जाईबाईंनी फोनवर सांगितलं, "आज म्हातारा भाजीत मीठ जास्त पडला म्हणून ओरडला." त्या रडत होत्या.

आणि मी माझ्या दुकानात आता वेळ काढते. पट्टी देताना मोठ्याने सांगते: ही एकदम बंद करायची नाही. सोडायची असेल तर सुटते, त्यात गैर काही नाही, पण डॉक्टरला विचारून, मात्रा थोडी थोडी उतरवत. सोडताना झटके आले तर ते भूत नव्हे, औषधाची सवय मोडताना शरीर कुरकुरतंय. कोणी कागदात गुंडाळून मागितली तर देते, पण विचारते, कशाला लपवता?

तुम्हालाही एवढंच सांगायचं आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, डॉक्टरवरही डोळे मिटून ठेवू नका. प्रश्न विचारा. ही गोळी काय करते, त्रास काय होईल, किती दिवस घ्यायची, सोडायची कशी. पट्टीच्या मागे औषधाचं नाव, मात्रा, बनवणाऱ्याचा पत्ता, मुदत, सगळं छापलेलं असतं. काही चुकलं तर कोणाला धरायचं ते कळतं. जिच्यावर काहीच लिहिलेलं नाही अशी पुडी, देणारा कितीही गोड बोलला तरी, तोंडात टाकू नका.